माळ्यावर सापडलेल्या नाचाच्या जुन्या तबकड्या: धुवायच्या कशा, ऐकायच्या कशावर, ठेवायच्या कोणत्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. म्हापशाच्या एका वाचकाला घराच्या माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत साठेक जुन्या तबकड्या सापडल्या. शेजारचं कुटुंब १९६२च्या सुमारास पोर्तुगालला गेलं, जाताना ती ट्रंक आजोबांच्या स्वाधीन केली आणि पुढे कोणी न्यायला आलं नाही. लेबलांवर फॉक्सट्रॉट, वॉल्स, टँगो असं छापलेलं आहे, काही पोर्तुगीज आहेत, थोड्या कोंकणी. सोबत चावीचा फोनो आहे, पण चावी फिरत नाही. धुवायच्या कशा, ऐकायच्या कशावर आणि विकल्या तर काय येईल, असं त्यांनी विचारलं आहे.

सगळ्यात आधी, फोनोच्या चावीला जोर लावू नका. स्प्रिंगच्या डब्यातलं ग्रीस इतक्या वर्षांत वाळून दगड झालेलं असतं. स्प्रिंग पूर्ण आवळलेल्या अवस्थेत अडकली असेल आणि तुम्ही डबा उघडलात, तर पोलादी पट्टी सुटून हात फाडते. हे काम जाणत्या कारागिराचंच. तोवर झाकण उघडून फक्त एवढं पाहा की ब्रेकची खिट्टी लागलेली तर नाही ना. कधी कधी तेवढंच कारण असतं.

दुसरं, तबकड्यांना स्पिरिट, सॅनिटायझर, कोलनवॉटर, काच पुसायचा फवारा, यातलं काहीही लावू नका. या तबकड्या लाखेच्या आहेत. आपल्याकडचे सुतार पॉलिश करायला चपडा, म्हणजे लाखच, कशात विरघळवतात? स्पिरिटमध्येच. तबकडीवर स्पिरिटचा बोळा फिरवला की चर विरघळतात आणि त्यातला आवाज कायमचा जातो. विनाइलच्या एलपी धुण्याचे जे व्हिडिओ दिसतात, त्यांतल्या बऱ्याच द्रावणांत अल्कोहोल असतं, म्हणून ते पाहून इथे काही करू नका.

धुवायची रीत सोपी आहे, घाई मात्र करायची नाही. आधी बाल्कांवावर, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर, नाकाला फडकं बांधून, कोरड्या मऊ ब्रशने बुरशी झाडा. घरात झाडलीत तर तीच बुरशी दुसऱ्या तबकड्यांवर बसेल. मग बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर घ्या, एका तांब्याला साध्या पातळ साबणाचा थेंबभर, त्याहून जास्त नको. लेबलवर एक छोटी वाटी पालथी घालून ती अंगठ्याने दाबून धरा, म्हणजे कागद भिजणार नाही. पाणी लावलेला मऊ ब्रश चरांच्या दिशेने गोल फिरवा, आडवा कधीच नाही. पाणी राखाडी होतं तो मळ आणि जुन्या पिनांचा लोखंडी चुरा. नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा एकदा धुवा, जुन्या मलमलीने टिपा आणि सावलीत, पंख्याखाली, उभी वाळवा. उन्हात ठेवलीत तर वाकेल. कडेला टवका उडालेली किंवा चिरलेली कोलंबिया कंपनीची तबकडी असेल तर तिला पाणी लावूच नका. कोलंबियाच्या बऱ्याच तबकड्या थरांच्या असतात, आत कागद असतो, आणि चिरेतून पाणी शिरलं की तो फुगतो.

पांढरे डाग धुऊनही राहिले तर ते चरात खोल गेलेले आहेत. तिथे खरखर राहणारच.

आता ट्रंकेत काय आहे ते पाहू. इथे मला सविस्तर लिहायचं आहे, कारण गोव्यातल्या अशा पेट्या फार वेळा चुकीच्या टोकाकडून तपासल्या जातात. लोक आधी चकचकीत, न खरचटलेल्या तबकड्या वेगळ्या काढतात आणि झिजलेल्या भंगारात टाकतात. नाचाच्या संगीताच्या बाबतीत बहुतेक वेळा हे नेमकं उलटं करायला हवं.

कारण असं. चकचकीत राहिली ती फार वाजली नाही. जिच्यावर घर नाचलं, लग्नात, कार्निव्हलला, नाताळच्या आठवड्यात जी पुन्हा पुन्हा लावली गेली, ती झिजली. फोनोच्या पोलादी पिनेचं वजन चरावर शंभर ग्रॅमच्या वर पडतं. तबकडीच्या मिश्रणात लाखेबरोबर दगडाची पूड मुद्दाम घातलेली असते. पहिल्या काही फेऱ्यांत ती पूड पिनेचं टोक घासून चराच्या आकाराचं करते. म्हणूनच एका बाजूला एक पिन असा नियम होता. पण नाच रंगात आला की पिन कोण बदलणार? बोथट पिन दुसऱ्या तबकडीवर गेली की ती चराच्या भिंती खरवडते. त्यामुळे आपल्या लोकांनी सर्वांत आवडीने ऐकलेलं संगीत आज सर्वांत वाईट अवस्थेत मिळतं, आणि इथल्या बँडांच्या तबकड्या मुळातच थोड्या निघाल्यामुळे बहुधा झिजलेलीच प्रत हाती येते.

तेव्हा तबकडी खिडकीजवळ तिरकी धरा. चांगला चर काळाभोर चमकतो, झिजलेला राखाडी आणि निस्तेज दिसतो. राखाडी दिसली म्हणून टाकू नका, आधी लेबल वाचा.

एचएमव्हीची ‘बीडी’ आणि कोलंबियाची ‘एफबी’ ही अक्षरं असलेल्या बऱ्याच तबकड्या विलायती डान्स बँडांच्या मालिकांतल्या असतात. छापल्या कलकत्त्याच्या डमडम कारखान्यात, तरी मूळ ध्वनिमुद्रण तिकडचं. व्हिक्टर सिल्व्हेस्टरच्या तर भरपूर मिळतात. तो १९२२चा जागतिक बॉलरूम विजेता, आणि १९३५पासून त्याच्या ऑर्केस्ट्राने नर्तकांसाठीच तबकड्या काढल्या. गाणं नाही, करामती नाहीत, पहिल्या मात्रेपासून शेवटपर्यंत एकच लय. संग्राहक त्यांना हलक्या समजतात, मला ते पटत नाही. पुढे सांगतो तसा त्यांचा मोठा उपयोग आहे.

इथे ध्वनिमुद्रित झालेल्या तबकड्या शोधा. १९३६ साली अमेरिकन जाझवादक क्रिकेट स्मिथच्या बँडने मुंबईत रेक्स लेबलसाठी ध्वनिमुद्रण केलं. तसाच दुसरा अमेरिकन, टेडी वेदरफर्ड, त्याने कलकत्त्यात कोलंबियासाठी केलं. आणि आपल्या दृष्टीने सर्वांत मोलाचा चिक चॉकलेट, म्हणजे गोव्यातल्या हळदोण्याचा आंतोनियो शावियर वाझ, जन्म १९१६. मुंबईत ताजमध्ये त्याचा ट्रंपेट वाजायचा, आणि त्याच्या बँडच्या तबकड्या कोलंबियाने १९४०च्या दशकात काढल्या. मराठी वाचकांना तो दुसऱ्या वाटेने माहीत आहे, नाव ठाऊक नसलं तरी. सी. रामचंद्रांच्या, म्हणजे आपल्या चितळकरांच्या संगीतात तो होता, आणि १९५१च्या ‘अलबेला’त तो आणि त्याचा बँड पडद्यावरही दिसतो. तसली एखादी तबकडी ट्रंकेत निघाली तर ती कितीही खरवडलेली असो, जपून ठेवा.

लेबलवर बँडप्रमुखाचं नाव असतं, फार तर गायकाचं. सॅक्सोफोन कोणाचा, दुसरा ट्रंपेट कोणाचा, हे छापलेलं नसतं. मुंबईच्या हॉटेलांत आणि पुढे सिनेमाच्या ऑर्केस्ट्रांत गोव्याचे किती वादक होते याला गणती नाही. चर्चच्या शाळांत मेस्त्रींनी, म्हणजे संगीतशिक्षकांनी, त्यांना स्वरलिपी वाचायला शिकवली होती, कागद समोर ठेवला की ते वाजवत. कुडचड्याचा फ्रँक फर्नांड, माजोर्ड्याचा अँथनी गोन्साल्विस, रेइश मागूशचा सेबास्टियन डिसोझा ही नावं आज निदान घेतली जातात. बाकीच्यांची नावं फक्त घरच्या माणसांच्या बोलण्यात आहेत. म्हणून तबकडीच्या पाकिटावर किंवा लेबलवर पेन्सिलीने कोणी काही लिहिलं असेल तर ते खोडू नका. ‘ह्यात आमचो मामा वाजयता’ एवढी ओळसुद्धा पुरावा आहे. दुकानाचा छोटा कागदी शिक्का असेल तर तोही राहू द्या. मुंबई, कराची, मोंबासा, लोरेन्सु मार्किश (आजचं मापुतो) असे शिक्के पाहिले की कुटुंबातला कोण तारवटी, म्हणजे जहाजावर कामाला, किंवा आफ्रिकेत नोकरीला होता ते कळतं. शेजाऱ्यांचे नातेवाईक गावात कोणी उरले असतील तर याच आठवड्यात त्यांना भेटा आणि कोणाच्या घरी काय वाजायचं ते लिहून घ्या.

पोर्तुगीज तबकड्यांवर ‘आ व्हॉज दू दोनू’ असं वाचलंत आणि शेजारी तोच ओळखीचा कुत्रा दिसला, तर ती एचएमव्हीचीच पोर्तुगालची आवृत्ती. बहुतेक फादो, म्हणजे पोर्तुगीज गाणी, असतील, थोडे मार्च आणि वॉल्स. त्या ब्रिटिश भारतातल्या बाजारात सहसा येत नव्हत्या, त्यामुळे गोव्याबाहेर मिळणं कठीण. कोंकणीच्या बाबतीत आधी वेग तपासा. बँडप्रमुख क्रिस पेरी आणि गायिका लॉर्ना यांच्या काळातलं बरंच नाचाचं संगीत मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या छोट्या विनाइल तबकड्यांवर आहे. त्यावर फोनोची पोलादी पिन एकदाच ठेवलीत तरी तबकडी गेली.

शेवटच्या चरानंतर, लेबलच्या कडेला, कोरलेले आकडे असतात. बॅटरीचा प्रकाश तिरका पाडून ते वाचा आणि वहीत उतरवा, लेबलवरच्या क्रमांकापेक्षा ते जास्त बोलतात. एचएमव्हीवर त्या आकड्यांपाशी छोटा त्रिकोण किंवा चौकोन दिसला तर ध्वनिमुद्रण विजेच्या पद्धतीचं, म्हणजे १९२५ किंवा त्यानंतरचं. नाचाच्या संगीताला हा फरक फार मोठा आहे. त्याआधी सगळे वादक एका कर्ण्यासमोर दाटीवाटीने उभे राहायचे. मोठा ढोल वाजवला तर मेणावरची सुई उडायची, म्हणून तो टाळायचे. डबल बेसचा आवाज कर्ण्यात पोचत नसे, त्याऐवजी ट्यूबा घ्यायचे. पाय ज्यावर थिरकतात तो खालचा ठेका १९२५नंतरच तबकडीत नीट उतरू लागला.

मांडो आणि दुलपद या गोव्याच्या नाचगाण्यांच्या तबकड्यांनाही हेच लागू आहे. घुमटाचा, म्हणजे मडक्याच्या वाद्याचा, खालचा, भरीव आवाज पेटीच्या छोट्या फोनोवर जवळपास येतच नाही, व्हायोलिन आणि गळा तेवढा ऐकू येतो. विजेच्या टर्नटेबलच्या चांगल्या कार्ट्रिजवर (सुई धरणाऱ्या भागावर) तीच तबकडी लावली की घुमट उठून येतं. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं बसतात, त्यात संथ मांडो आणि मागून येणारी दुलपदांची माळ मावणं शक्य नाही. तेव्हा ऐकताना हा सोहळ्याचा एक तुकडा आहे हे लक्षात ठेवावं.

आता ऐकायचं कशावर. चावीच्या फोनोवर ऐकण्याची मजा वेगळी आणि मी ती सोडा म्हणणार नाही. एचएमव्हीचं १०२ मॉडेल असेल तर तुमचं नशीब, पेटीतल्या फोनोंत तो उत्तम. दुरुस्तीनंतर आवाज कर्कश येत असेल तर साउंडबॉक्समधली (पिन बसवतात त्या गोल डबीतली) रबराची कडी कडक झाली आहे, ती बदलून घ्या. मऊ आवाजाच्या पिना वापरा, प्रत्येक बाजूला नवी. पण त्यावर सिल्व्हेस्टर वाजवा, अमेरिकन गायक बिंग क्रॉस्बी वाजवा, ज्यांच्या प्रती पुष्कळ आहेत अशा तबकड्या वाजवा. चिक चॉकलेट, पोर्तुगीज, कोंकणी यांच्यावर पोलादी पिन ठेवू नका.

त्यांच्यासाठी ७८चा, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांचा, वेग असलेला विजेचा टर्नटेबल आणि ७८साठीची वेगळी सुई घ्या. एलपीची सुई चालत नाही. एलपीचा चर बारीक, त्याच्या सुईचं टोक साधारण १८ ते २५ मायक्रॉन त्रिज्येचं. ७८च्या चराला ६५ ते ७५ मायक्रॉन लागतं. बारीक सुई चराच्या तळाशी जाऊन घाणीतून घसटत राहते आणि लोक म्हणतात, तबकडीच खराब आहे. ऑर्टोफोन आणि ऑडिओ-टेक्निका दोघांच्याही ७८साठीच्या सुया मिळतात. वजन त्या त्या सुईच्या कागदावर लिहिलेलंच ठेवा. अँप्लिफायर मोनोवर ठेवा, निम्मी खरखर तिथेच जाते.

झिजलेली तबकडी वाचवायची खरी युक्ती सुईच्या मापात आहे. पोलादी पिनांनी चराच्या भिंतीचा एक ठरावीक पट्टा खरवडलेला असतो. थोड्या जाड किंवा थोड्या बारीक टोकाची सुई लावली तर ती भिंतीला त्या पट्ट्याच्या वर किंवा खाली टेकते, जिथे मूळ चर शाबूत आहे. राखाडी पडलेल्या तबकडीतून ट्रंपेट असा स्वच्छ बाहेर येतो की विश्वास बसत नाही. दोन-तीन मापांच्या सुया बाळगणं खर्चिक आहे, पण पैसा घालायचा तर तिथे घालावा. महागड्या स्पीकरना नंतर पाहता येईल.

वेगाकडेही फार दुर्लक्ष होतं. फॉक्सट्रॉट थोडा जरी जलद फिरला तरी गायकाचा आवाज चिरका होतो आणि पाय अडखळतात. विजेच्या टर्नटेबलसाठी ५० हर्ट्झची, ७७ रेघांची स्ट्रोबोस्कोप चकती मिळते. तिच्यावर ५० हर्ट्झवर चालणाऱ्या निऑन दिव्याचा प्रकाश पाडला की बरोबर वेगाला रेघा स्थिर दिसतात. एलईडीच्या प्रकाशात बऱ्याचदा काही कळत नाही. चावीच्या फोनोवर तबकडीखाली कागदाची पट्टी बाहेर डोकावेल अशी ठेवा, पिन चरावर टेकवा आणि घड्याळ लावून अर्ध्या मिनिटात पट्टी किती वेळा समोरून जाते ते मोजा. ३९ आली की वेग बरोबर. पिन न टेकवता मोजलंत तर उत्तर चुकीचं येईल, कारण पिनेच्या ओझ्याने वेग उतरतो. आणि सिल्व्हेस्टरचा उपयोग इथेच. त्याचा ऑर्केस्ट्रा शेवटच्या मिनिटात रेंगाळायला लागला तर समजा की तुमची स्प्रिंग थकली आहे.

१९२५पूर्वीच्या तबकड्या मात्र सगळ्याच ७८च्या नसतात. ७० ते ८०च्या दरम्यान कुठेही असू शकतात, तिथे कानावर विश्वास ठेवावा लागतो.

जुन्या दुर्मीळ तबकड्या एकदा नीट संगणकावर उतरवून घ्या, २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झवर, आणि ती मूळ फाइल न सुधारता जपून ठेवा. साफसफाई प्रतीवर करा, तीही बेताची. खरखर घालवणारं सॉफ्टवेअर जोरात लावलं की ब्रशने वाजवलेला ड्रम आणि रुंबाचे माराकास आधी नाहीसे होतात, कारण त्यांचा आवाज आणि तबकडीची सळसळ एकाच पट्टीत असते. थोडी खरखर राहिली तरी चालेल, ठेका राहायला हवा.

किमतीचं स्पष्ट सांगतो. नाचाच्या बहुतेक तबकड्यांना बाजारात फारसा भाव नाही. भाव चांगला येतो तो अपवादांना, आणि त्यातला एक अपवाद अनेकांना माहीत नसतो. भारतात ७८च्या तबकड्या १९६०च्या दशकातही निघत होत्या, त्यामुळे बीटल्सची गाणी इथे ७८वर छापली गेली. तशी एखादी कुठे निघाली तर परदेशी संग्राहक तिच्यासाठी चांगली रक्कम देतात. इथे ध्वनिमुद्रित झालेल्या बँडांना आणि कोंकणीला गिऱ्हाइकं थोडी, पण ती जाणती असतात. सगळी ट्रंक एकगठ्ठा विकू नका. असे गठ्ठे हॉटेलांच्या आणि कॅफेंच्या भिंतीवर खिळ्यांनी ठोकायला जातात, आणि गठ्ठ्यात कोणती तबकडी आहे हे घेणारा पाहत नाही. आधी यादी करा: लेबल, क्रमांक, कोरलेले आकडे, नाव, अवस्था. १९९०पासून काम करणारी मुंबईची सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही यासाठी चांगली जागा. ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे त्यांचं नियतकालिक वाचलंत तर यादी कशी करायची तेही कळेल.

आणि या नादात नवा भोंग्याचा फोनो विकत घेऊ नका. पर्यटकांच्या बाजारात चमकणाऱ्या पितळी कर्ण्याचे, कुत्र्याचं चित्र चिकटवलेले जे फोनो दिसतात, ते बहुतेक अलीकडे जुळवलेले असतात. त्यांचा जड हात आणि सुमार साउंडबॉक्स तबकडीचं वाटोळं करतात. तुमच्या ट्रंकेसोबतचा अडकलेला फोनो त्याहून कितीतरी चांगला.

तबकड्या माळ्यावर परत ठेवू नका. कौलांखालची उष्णता त्यांना वाकवते आणि आपल्या पावसात तिथे बुरशी धरते. खालच्या खोलीत, बाहेरच्या भिंतीपासून हातभर दूर, लोखंडी कपाटात उभ्या ठेवा. तिरक्या झुकणार नाहीत इतक्या जवळजवळ, पण आवळून नाही. लाकडी कपाट असेल तर वाळवी आधी पाकिटं खाते, मग लेबलं. जुनी पाकिटं फेकू नका, वेगळी ठेवा आणि तबकड्यांना नवी कागदी पाकिटं करा, प्लास्टिकची नकोत, त्यात दमट हवा कोंडते. दहा इंची तबकडी साधारण पाव किलोची असते, साठांचं वजन पंधरा किलोच्या आसपास जाईल, तेव्हा फळी मजबूत हवी. सिलिका जेलच्या पुड्या जूनच्या आधी ठेवा आणि पावसाळाभर अधूनमधून तव्यावर मंद आचेवर सुकवून परत लावा.

यादी झाली की कोंकणी आणि मुंबई-कलकत्त्याच्या तबकड्यांचे क्रमांक मला कळवा. पोर्तुगीज तबकड्यांच्या लेबलांचे फोटोही पाठवा, उजेड बाजूने घेऊन, फ्लॅश न लावता. झिजलेल्यांपैकी कोणत्या आधी उतरवून घ्यायच्या ते आपण मिळून ठरवू.